आवाजाला दंड, धुराला सर्टिफिकेट

कोल्हापुरात गणपतीचं आगमन असो, निकालाची मिरवणूक असो की रंकाळ्यावरची शनिवारची रात्र, पुंगळ्या काढून आवाज वाढवलेल्या गाड्या निघाल्या की ओरड होते आणि मग पोलीस कारवाई करतात. सायलेन्सर जप्त होतात, दंडाच्या पावत्या फाटतात. ही कारवाई योग्यच आहे, ती थांबता कामा नये. पण या कारवाईला फक्त आवाज कळतो. ज्या बुलेटचा सायलेन्सर कंपनीचाच आहे, पण आयडल (गाडी उभी असतानाचे इंजिनाचे फेरे) पाडून, मिक्श्चर रिच करून (हवेच्या मानानं पेट्रोल वाढवून) आणि टायमिंग मागे घेऊन (ठिणगी उशिरा पाडून) तिच्यातून 'डुग… डुग…' काढलेला आहे, ती गाडी कुणाच्या नजरेत येत नाही. तिचा आवाज मर्यादेत असतो आणि डोळ्यांना धूर दिसत नाही. कागद मागितला तर पीयूसी, म्हणजे धूर तपासणीचं सर्टिफिकेटही, ताजं निघतं. आवाजासाठी मुद्दाम बिघडवलेलं इंजिन आपल्याकडे रीतसर सर्टिफिकेट घेऊन फिरतंय, आणि ते थांबवायचं तर चौकातल्या नाकाबंदीइतकंच लक्ष पीयूसी सेंटरवर आणि गॅरेजवर द्यावं लागेल.

हा आवाज कसा काढतात ते आधी पाहू. सिंगल सिलिंडर फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांना एकदा ठिणगी पडते. १००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला हजार फेऱ्यांना, सेकंदाला साधारण आठ ठोके होतात, ६०० ला पाच, ५०० ला चारच. आठ ठोके एकमेकांत मिसळून ऐकू येतात, चार-पाच मात्र सुटे सुटे मोजता येतात. जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेट ३५० चं फ्लायव्हील जड, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) लांब, ९० मिमी. त्यामुळे इतक्या कमी फेऱ्यांवरही ते इंजिन दम धरतं. दुसरं एखादं हलकं इंजिन तिथे केव्हाच बंद पडेल.

पहिली पायरी सोपी असते. कार्बोरेटरचा, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा, रेस स्क्रू सैल करायचा. त्यानं हवेची वाट अडवणारी स्लाइड खाली बसते, हवा कमी जाते, इंजिन धापा टाकायला लागतं. मग ते बंद पडू नये म्हणून मिक्श्चर रिच करायचं. कास्ट आयर्नवरच्या मिककार्ब व्हीएम जातीच्या कार्बोरेटरला एअर स्क्रू असतो, तो आत घेतला की हवा कमी होऊन मिक्श्चर रिच होतं. नंतरच्या यूसीई (युनिट कन्स्ट्रक्शन) इंजिनावरच्या बीएस जातीच्या कार्बोरेटरला इंजिनाच्या बाजूला मिक्श्चर स्क्रू असतो, तो बाहेर काढला की रिच होतं. दोन्हींची दिशा उलटी. हा फरक लक्षात न घेता सगळ्या गाड्यांना एकाच बाजूला पिळणारे हात कमी नाहीत. तेवढ्यानंही जमलं नाही तर पायलट जेट (आयडलचं पेट्रोल सोडणारं छिद्र) एक नंबर मोठा घालतात. शेवटी पॉइंटच्या, म्हणजे उघडले की ठिणगी पाडणाऱ्या संपर्काच्या, गाडीवर टायमिंग. कास्ट आयर्न ३५० ला पिस्टन टॉपला पोचायच्या सुमारे ०.८ मिमी आधी पॉइंट उघडायला हवेत. ते आणखी उशिरा उघडतील अशी प्लेट फिरवली की कमी फेऱ्यांवर इंजिन उलटं मारत नाही आणि ठोका लांबतो. म्हणून 'बीट पाहिजे' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाची गाडी अर्ध्या तासात त्याच्या मनासारखी होऊन जाते.

आता आत काय होतं ते बघा. थ्रॉटल जवळजवळ मिटलेला, इनलेटमध्ये जोरदार व्हॅक्यूम. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता मिटण्याआधीच इनलेट उघडतो आणि त्या व्हॅक्यूमच्या ओढीनं जळलेला गॅस परत सिलिंडरमध्ये येतो. ताजं मिक्श्चर थोडं, जुना गॅस जास्त. अशा मिश्रणात ज्योत सावकाश पसरते, अर्ध्यात विझते, कधी पेटतच नाही. एक ठोका जोरात, दुसरा मऊ, तिसरा गायब. कानाला आवडणारा तो अडखळता ठेका नेमका याच्यातून तयार होतो. गायब झालेल्या ठोक्यातलं पेट्रोल मात्र गायब होत नाही. ते जसंच्या तसं एचसी, म्हणजे हायड्रोकार्बन, होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं. अशा गाडीमागे सिग्नलला उभं राहिलं की डोळे चुरचुरतात आणि कच्च्या पेट्रोलचा वास नाकात बसतो, त्याचं कारण हे.

कार्बन मोनॉक्साइडचं गणित वेगळं. ते मुख्यतः हवा-पेट्रोलच्या प्रमाणावर ठरतं. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनानं १४.७ भाग हवा लागते. प्रमाण १३ वर आलं की एक्झॉस्टमध्ये सीओ साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातो, १२ वर आलं की सहाच्या पुढे. २००० सालानंतरच्या फोर-स्ट्रोक दुचाकीला पीयूसीत ३.५ टक्के सीओ आणि ४५०० पीपीएम एचसीची मुभा आहे. २००० आधीच्या गाडीला ४.५ टक्के आणि ९०००. बीएस-६ (एप्रिल २०२० पासूनच्या नियमांच्या) गाडीला ०.५ टक्के आणि ५००. म्हणजे जुन्या गाडीला मुळातच भरपूर सूट दिलेली आहे, आणि आवाजासाठी रिच केलेली गाडी तीही सूट ओलांडून जाते. सीओला ना रंग ना वास. महाद्वार रोडसारख्या दोन्ही बाजूंनी दुकानं असलेल्या अरुंद रस्त्यात, किंवा शटर अर्धं ओढलेल्या गॅरेजात, तो साचून राहतो. दिवसभर तिथे बसणारा दुकानदार आणि गॅरेजमधला पोरगा तो श्वासात घेतात.

टायमिंगबद्दल एक गोष्ट सरळ सांगायला हवी, कारण जाणकार मंडळी तिथेच बोट ठेवतात. ठिणगी थोडी उशिरा पडली तर एक्झॉस्ट जास्त गरम होतं आणि काही न जळलेलं पेट्रोल बेंड पाईपमध्येच जळून जातं. त्यामुळे नुसतं टायमिंग मागे घेतल्यानं एचसीचं रीडिंग कधी कधी खालीही येतं. हे खरं आहे. पण हा फायदा ठोका नीट पेटत असेल तेव्हाचा. आयडल इतकं पाडलं की ठोकेच चुकायला लागले, तर तो फायदा कधीच पुसला जातो. वर पेट्रोल जास्त जळतं, बेंड पाईप निळा पडतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळायला लागते.

आता पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं) पेट्रोल आल्यानं यात आणखी गुंता झालाय. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून ई-२० ला पूर्ण जळायला साडेतेरा भागांच्या आसपासच हवा लागते. साध्या पेट्रोलवर बसवलेल्या जेटचा कार्बोरेटर त्यामुळे आपोआप थोडा लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालतो आणि कमी आयडलला गाडी बंद पडते. उपाय म्हणून स्क्रू आणखी पिळला जातो. खरं तर इथे आयडल पन्नास-शंभरनं वाढवणं हा साधा इलाज आहे. पण तेवढ्यानं ठोका जवळ येतो आणि गिऱ्हाईक नाराज होतं, म्हणून तो कुणी करत नाही.

इंजिनाचं नुकसान मालकाचं मालकानं बघावं, असं म्हणता येईल. पण बहुतेकांना ते सांगितलेलंच नसतं. कास्ट आयर्नचा ऑइल पंप टायमिंगच्या बाजूनं गिअरवर चालतो आणि मुळातच क्रँकपेक्षा कितीतरी सावकाश फिरतो. फेरे निम्मे झाले की बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगला) जाणारं तेलही निम्मं होतं. सिग्नलला दोन-दोन मिनिटं पाचशेवर ठोके देत उभी राहणारी गाडी बिग एंड खराब होऊन शिवाजी उद्यमनगरात क्रँक प्रेसिंगला येते, ती उगाच नाही. यूसीईत हायड्रॉलिक टॅपेट असतात. त्यांना तेलाचं प्रेशर कमी पडलं की ते खटखटतात, आणि ती खटखट मग आणखी कुठल्या तरी दुरुस्तीच्या नावावर खपते. न जळलेलं पेट्रोल लायनरवरची तेलाची फिल्म धुऊन खाली जातं. डिपस्टिक काढून वास घ्या, तेलाला पेट्रोलचा वास येत असेल तर ते पातळ झालंय असं समजा. १ एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू असतो. इतक्या कमी फेऱ्यांवर अल्टरनेटर तो भार पेलू शकत नाही आणि बॅटरी हळूहळू बसते. बॅटरी बदलून झाली तरी तक्रार राहते, कारण दोष बॅटरीत नव्हताच.

एप्रिल २०२० नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांवर स्क्रू ड्रायव्हरचं काम राहिलेलं नाही. तिथे लॅपटॉप आणि पिगीबॅक (मूळ संगणकाला जोडलेला जास्तीचा डबा) आले. ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं, आयडल टार्गेट खाली आणायचं, आयडलला ठिणगी मागे-पुढे नाचवायची, ऑक्सिजन सेन्सरच्या जागी डमी लावून ईसीयूला फसवायचं. चारचाकीत यालाच घोस्ट कॅम म्हणतात. मोठा कॅम बसवला की दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहण्याचा काळ वाढून जो अडखळा येतो, त्याची सॉफ्टवेअरमधून केलेली नक्कल. अशा आयडलला इनलेटचं व्हॅक्यूम कमी पडतं, आणि पेट्रोल गाडीच्या ब्रेक बूस्टरला त्याच व्हॅक्यूमचा आधार असतो. पेडल कडक लागतो तो त्यामुळे. दुसरा प्रकार थ्रॉटल सोडल्यावर फटाके वाजवणारा मॅप. त्यात इंधन बंद करायच्या वेळीच ते चालू ठेवतात आणि ठिणगी इतकी उशिरा देतात की पेट्रोल एक्झॉस्टमध्ये पेटतं. ते पेटतं धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या तोंडाशी. कन्व्हर्टरला काम सुरू करायला अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअस लागतं, पण कच्चं पेट्रोल त्याच्यावर जळायला लागलं की तापमान हजाराच्या कितीतरी वर जाऊ शकतं आणि आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी वितळते. वितळून वाट बंद झाली की गाडी ओढत नाही, मग तो भागच कापून सरळ पाईप जोडतात. एकदा तो गेला की ती बीएस-६ गाडी फक्त आरसीवर बीएस-६ राहते.

एवढं सगळं असूनही पीयूसी कसं मिळतं? सरळ युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. तपासणीआधी स्क्रू सेट करायचा, आयडल वर घ्यायचं, कागद घ्यायचा आणि परत येऊन स्क्रू पूर्ववत पिळायचा. पण एक जागा अशी आहे की तिथे युक्तीचीही गरज पडत नाही, आणि तीच जास्त गंभीर आहे. सिंगल सिलिंडर, कमी आयडल आणि मोकळा सायलेन्सर असला की दोन ठोक्यांच्या मधल्या पोकळीत बाहेरची हवा टेलपाईपमधून आत खेचली जाते. मीटरची नळी, म्हणजे प्रोब, किमान ३०० मिमी आत जायला हवा. बुलेटच्या सायलेन्सरमध्ये बॅफल (आवाज दाबणारा आतला पडदा) आडवा येतो, म्हणून प्रोब टोकालाच अडकवून ठेवतात. मग मीटर नुसतं एक्झॉस्ट मोजत नाही, एक्झॉस्ट आणि त्यात मिसळलेली बाहेरची हवा मोजतो. बेंड पाईपच्या जोडावर गॅस्केट नसेल तर तिथूनही हवा शिरते.

उदाहरण घ्या. मीटरवर सीओ २ टक्के आला, मर्यादा ३.५, गाडी पास. पण त्याच मीटरवर कार्बन डायऑक्साइड ६ टक्केच दिसतोय. नीट मोजलेल्या फोर-स्ट्रोकमध्ये दोन्हींची बेरीज १५ च्या आसपास यायला हवी, इथे ती ८ आहे. म्हणजे जवळजवळ अर्धी हवा बाहेरची. युरोपात अशा वेळी सीओला १५ नं गुणून या बेरजेनं भागतात. २ गुणिले १५ भागिले ८, उत्तर ३.७५. गाडी नापास. तीच गाडी, तोच प्रोब, फक्त एक भागाकार. आयडल जितकं पाडावं तितकी हवा जास्त मिसळते आणि तितकं रीडिंग स्वच्छ दिसतं. सगळ्यात वाईट गाडीला सगळ्यात सोपं सर्टिफिकेट मिळतं, ते इथे.

म्हणून पहिली मागणी पीयूसीच्या पद्धतीबद्दल. स्लिपवर सीओ आणि एचसीसोबत आयडलचा आरपीएम आणि कार्बन डायऑक्साइड छापला गेला पाहिजे. आरपीएम कंपनीनं दिलेल्या मर्यादेत नसेल तर तपासणीच घेऊ नये, गाडी सेट करून आणायला सांगावं. बुलेटसारख्या सायलेन्सरला रबरी स्लीव्ह असलेला एक्स्टेंशन पाईप लावूनच प्रोब घालावा. पाईप आणि स्लीव्ह हा काही मोठा खर्च नाही. प्लगच्या वायरीवर चिमटा लावून आरपीएम दाखवणारे मीटरही नवे नाहीत.

कायद्यात जागा आहे, ती वापरात नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम ११६ प्रमाणे उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला, तसंच मोटार वाहन निरीक्षकाला, संशय आला तर गाडी जागीच तपासणीला पाठवता येते, हातात पीयूसी असलं तरीही. नापास झाली तर सात दिवसांत दुरुस्त करून सर्टिफिकेट आणावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये आवाज आणि हवा या दोन्हींचा उल्लेख आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १० हजारांपर्यंत आहे. प्रत्यक्षात हे कलम आवाजापुरतंच आठवतं. भाऊसिंगजी रोडवर सीपीआर रुग्णालयासमोर गाडी अडवताना रुग्णालयाभोवतीचं १०० मीटरचं शांतता क्षेत्र आठवतं, मग आत श्वासाचे पेशंट आहेत हेही आठवावं. आणि दंड नेहमी गाडीवरच्या पोराला होतो. मोठ्या आवाजाचे इंदोरी आणि पंजाबी सायलेन्सर टांगून विकणारा, सेन्सरचा डमी लावून देणारा यांच्यापर्यंत कुणी पोचत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, फाउंड्र्या, डंपर, उसाचे ट्रॅक्टर सोडून तुम्ही चार बुलेटच्या मागे का लागलात? राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात कोल्हापूरचं नाव आहे आणि त्यात धुळीचा आणि डिझेलचा वाटा या गाड्यांपेक्षा मोठा असणार, हे मान्य. पण डंपर माल वाहतो, ट्रॅक्टर ऊस नेतो, फाउंड्री माणसं पोसते. आवाजासाठी सोडलेला हा गॅस कुणाच्या कामाचा नाही, आणि तो थांबवायला कारखाना बंद करावा लागत नाही, अर्ध्या तासाचं काम पुरतं. शिवाय हा गॅस दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलवर, मागच्या ॲक्टिव्हावर पुढं उभ्या असलेल्या लेकराच्या तोंडावर सुटतो. एकूण हवेतला त्याचा वाटा किती, यापेक्षा तो कुठे आणि कुणाजवळ सुटतो हे मला महत्त्वाचं वाटतं.

दुसरा आक्षेप नादाचा. कोल्हापूरला इंजिनाचा नाद आहे आणि तो अभिमानाचा आहे. ऑइल इंजिनापासून रेसिंगपर्यंत इथल्या हातांनी यंत्रं घडवली आहेत. पण नीट सेट केलेली कास्ट आयर्न हजारच्या आसपास, कंपनीच्या सायलेन्सरमधून, जो भरीव आणि एकसारखा ठोका देते, तो ऐकलेल्या माणसाला पाचशेवरची अडखळ ही बिघाडासारखीच ऐकू येते. आवाज हवा असेल तर तो असा मिळवावा:

गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून पुरती गरम करावी. त्याआधी थंड इंजिनावर टॅपेट बघून घ्यावेत, पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे आणि वर-खाली हलता कामा नये. पॉइंटची गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. ॲडव्हान्स युनिटच्या स्प्रिंगा ढिल्या असतील तर आयडल कधीच स्थिर होणार नाही, आधी त्या बदलाव्यात. इनलेटच्या रबराला किंवा जोडाला हवा लागत नाही ना ते पाहावं. मग रेस स्क्रूनं आयडल १२०० पर्यंत न्यावं. एअर स्क्रू पूर्ण आत घेऊन दीड फेरा बाहेर काढावा आणि तिथून दोन्ही बाजूंना थोडा थोडा फिरवत जिथे फेरे सगळ्यात जास्त वाढतील तिथे थांबावं. रेस स्क्रू सैल करून हजारच्या आसपास यावं आणि एअर स्क्रू पुन्हा एकदा तपासावा. शेवटी मीटर लावावा. तीन टक्क्यांच्या आत सीओ असताना ठोका एकसारखा येत नसेल तर दोष स्क्रूमध्ये नाही, झिजलेली स्लाइड, व्हॉल्व्हची सीट किंवा रिंगा बघाव्या लागतील. प्लग काढून बघितला तर इन्सुलेटर फिका तपकिरी दिसायला हवा. काळी मखमली काजळी म्हणजे अजून रिच आहे.

हे काम करणारे मिस्त्री कोल्हापुरात आहेत. त्यांच्याकडे कान आहेत आणि हात आहेत, नसतो तो गॅस ॲनालायझर, कारण एका गॅरेजला तो परवडत नाही. कळंबा रोडवरच्या शासकीय आयटीआयनं आरटीओच्या सोबतीनं महिन्यातल्या एका रविवारी ॲनालायझर लावून द्यावा, मिस्त्रींनी गिऱ्हाइकांच्या गाड्या घेऊन यावं, सेटिंगच्या आधीचं आणि नंतरचं रीडिंग एका कार्डावर लिहून मालकाच्या हातात द्यावं. मोटर मेकॅनिकच्या पोरांचं प्रॅक्टिकलही होईल. त्या दिवशी नापास झालेल्या गाडीला दंड नको, नाहीतर कुणी येणार नाही. सुरुवातीला फक्त कार्बोरेटरच्या गाड्या घ्याव्यात. इंजेक्शनवाल्यांना स्कॅनर लागतो, ऑक्सिजन सेन्सर खरा आहे की डमी हे बघायला वेळ जातो, त्यांचा रविवार वेगळा ठेवावा.